रिकामा हत्तीखाना

फार फार जुनी गोष्ट. नदीकाठी रेशमी कापडासाठी नावाजलेलं एक नगर होतं, आणि त्या नगराला दोन गोष्टींचा मोठा अभिमान होता.

पहिली गोष्ट म्हणजे तिथला हत्तीखाना. नगराचा हत्ती मरून तीस वर्षं झाली होती. तरी माहूत रोज हत्तीखाना झाडायचा. पाणक्या हौद भरायचा. चारेवाला ताजा ऊस आणून टाकायचा, आणि दर सोमवारी वैद्य येऊन रिकाम्या साखळदंडाकडे बघून जायचा. कुणी हटकलंच, तर नगरशेठ म्हणायचे, "उद्या हत्ती आला तर? नगराच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

दुसरी गोष्ट अशी, की तिथली लहान मुलं रडत नसत.

खरोखरच रडत नसत. मागशाळेत चाळीस बाया विणकरांसाठी रेशमाच्या कांड्या भरत, आणि त्यांच्या डोक्यावर तुळयांना चाळीस झोळ्या टांगलेल्या असत. एकाही झोळीतून आवाज नाही. परगावचे व्यापारी थक्क होत. "काय गुणी पोरं!" म्हणत.

गुण कसला! मागशाळेचा नियमच होता: जिचं मूल रडेल, तिचं काम सुटेल. म्हणून सकाळी कामाला बसण्याआधी प्रत्येक आई नखाएवढी अफू मुलाच्या जिभेला लावायची. हे साऱ्या नगराला ठाऊक होतं, आणि सारं नगर व्यापाऱ्यांबरोबर माना डोलवत होतं.

त्या चाळीसजणींत साळू नावाची बाई होती. नवरा नावेवर, माहेर आठ दिवसांच्या वाटेवर, आणि पदरात दीड वर्षाची तानी. साळूला दुष्ट म्हणू नका. ती रोज अफू लावायची आणि रोज तोंड फिरवून लावायची.

एके दिवशी धुरपाआजी मागशाळेत आली. ही नगरातली म्हातारी सुईण. अर्धं नगर तिच्या हातावर जन्मलेलं. तिने तानीच्या झोळीत डोकावून चुटकी वाजवली. तानी हलली नाही. आजीने तिच्या डोळ्यांसमोर लाल रेशमाची लड फिरवली. डोळे उघडे होते, पण लडीमागे गेले नाहीत.

"साळू, ही जन्मली तेव्हा गल्ली जागी केली होती हिने. आता काय झालं?"

"गुणी आहे ती, आजी."

"मला सांगतेस?"

साळूचे हात थांबले नाहीत, पण बांध फुटला. "दीड वर्षाची झाली, आजी. अजून मला आई म्हणाली नाही. अफू सोडू तर काम जातं. काम सोडू तर दोघी उपाशी. तुम्हीच सांगा, काय करू?"

आजीने तानीला झोळीतून उचललं, खांद्यावर टाकलं आणि तडक नगरसभेत गेली. साळू कांडी टाकून मागे धावली.

सभा भरली होती. हत्तीखान्याचं छप्पर शाकारायचं की कौलं घालायची, यावर वाद रंगला होता.

"मला हत्तीखाना द्या," आजी म्हणाली. "मागशाळेतली पोरं सांभाळायला."

सभेत हशा पिकला. नगरशेठ समजुतीने म्हणाले, "आजी, मुलं सांभाळणं हे आईचं काम. त्यात नगरसभेने कशाला पडायचं?"

"आणि मेलेला हत्ती सांभाळणं कुणाच्या आईचं काम, रे?"

"आजी, सभेत बोलताय. जपून."

"तुझ्याशी काय जपून बोलू? पायाळू जन्मलास तू. मीच ओढून काढला. तेव्हापासून उलटाच चालतोस!"

कुणीतरी हसू दाबलं. नगरशेठ लाल झाले. "आमच्या नगरातली मुलं शांत आहेत. परगावचे लोक कौतुक करतात. त्यांना काय कमी आहे?"

आजीने तानीला सभेच्या मोठ्या घंटेखाली निजवलं, आणि घंटेचा दोर दोन्ही हातांनी ओढला.

असा दणका झाला, की सभासदांनी कान झाकले. छपरावरची कबुतरं उडाली. नगरशेठांच्या हातातलं पान खाली पडलं.

तानीची पापणीसुद्धा हलली नाही.

"ही तुमची शांत पोरं," आजी म्हणाली.

साळू दारातच खाली बसली. सभेत कुणी कुणाकडे बघेना.

तेवढ्यात मागून हत्तीखान्याचा माहूत उठला. कौलांसाठी गाऱ्हाणं घेऊन आला होता बिचारा. "शेठ," तो म्हणाला, "तीस वर्षं मी रिकामी जागा झाडतोय. घरी बायको विचारते, आज हत्तीने काय खाल्लं? मी मान खाली घालतो. मला ही पोरं द्या."

नगरशेठ उठून तानीजवळ गेले. मग हळूच म्हणाले, "घ्या हत्तीखाना."

"नुसत्या भिंती नकोत," आजी म्हणाली. "हत्ती एक होता आणि त्याला माहूत, पाणक्या, चारेवाला, वैद्य होते. चाळीस पोरांना एक म्हातारी पुरेल का? हत्तीला जे जे होतं, ते ते द्या. सांभाळायला शिकवलेल्या चार बाया द्या. आणि तो नियम मोडा."

नियम मोडला. हत्तीखाना पोरांचा झाला. उसाच्या जागी दूध आणि मऊ भात आला. हौदाकाठी वाळू पसरली. सोमवारच्या वैद्याला तीस वर्षांत पहिल्यांदा काम मिळालं: त्याने एकेका मुलाची अफू कणाकणाने उतरवली. माहूत चार पायांवर चालायचा आणि पाठीवर दोन-दोन पोरं घ्यायचा. नगराला अखेर हत्ती मिळाला. सभेची घंटाही तिथेच नेली. दिवसातून दोनदा ती वाजायची, आणि आया काम ठेवून मुलांकडे जायच्या.

सगळी मुलं भानावर आली नाहीत, हेही सांगायला हवं. काहींची नजर कायमची मंद राहिली. त्यांच्या आयांना नगराने काय उत्तर द्यायचं?

तानी कितीतरी दिवस नुसती थरथरत पडून असायची. आणि एका दुपारी घंटा वाजली, तशी ती दचकली आणि मोठ्याने रडली. भिंतीपलीकडे मागशाळेत साळूच्या हातातली कांडी गळून पडली. शेजारीण म्हणाली, "अगं, बघतेस काय? तुझीच आहे. पळ!"

साळू पोचली तेव्हा लाल डोळ्यांची तानी दाराकडे बघत होती. आईला बघून तिने दोन्ही हात पुढे केले, आणि म्हणाली, "आई."

पुढच्या वर्षी व्यापारी आले. कानांवर हात ठेवून म्हणाले, "नगरशेठ, हा गोंगाट कसला?"

नगरशेठ म्हणाले, "आमची मुलं जागी आहेत."

तात्पर्य: जे नगर आईचे हात कामाला मागतं, त्याने तिच्या मुलाला सावली, घास आणि मायेचं माणूस द्यायलाच हवं.