तव्याला धरून बसलेली चकती

स्वयंपाकघरातली भांडी अजून बोलायची, तेव्हाची गोष्ट. जर्मनीत राहून आलेल्या पद्मजाबाईंनी तिथल्या पद्धतीचे तळलेले बटाटे करायला घेतले. उकडून गार केलेल्या बटाट्याच्या चकत्या त्यांनी बिडाच्या तव्यावर तेलात एकेक करून मांडल्या. चिरलेला कांदा वाटीत वाट पाहत होता.

उलथन्याला मात्र धीर नव्हता. पोहे असोत की भाजी, सतत परतत राहायची त्याला सवय. "हल गं, चिकटशील!" म्हणत ते एका चकतीखाली घुसलं. तिची कड तुटली.

"चिकटू दे," चकती म्हणाली. "सकाळी तू दहादा परतलंस नि माझ्या बहिणींचा गिचका झाला. मी तांबूस झाल्याशिवाय हलायची नाही."

"करपलीस तर माझ्या नावानं रडू नकोस!" उलथनं फणकारून बाजूला झालं.

चकतीला खालून चटके बसत होते, तरी तिनं तवा सोडला नाही. शेवटी तव्यानंच तिला अलगद सोडलं. पद्मजाबाईंनी उलथनं लावताच ती आणखी कुठंही न मोडता, सोनेरी होऊन उलटली. मग कांदा पडला आणि घरभर वास सुटला.

"बघितलंस, कशी उलटवली!" उलथनं ऐटीत म्हणालं.

"हो बाबा," तवा म्हणाला. "पण त्याआधी जेवढा वेळ तू गप्प उभं होतंस ना, तेवढीच तुझी खरी मेहनत."