सुईसाठी आणलेलं स्थळ

फार जुनी गोष्ट. गावात शिवणयंत्र यायच्याही आधी एका शिंप्याच्या डब्यात एक बारीक सुई कामाला होती. गोण्या शिवणं बंद झाल्यापासून निवृत्त झालेली दाभणकाकू बाहेर खिळ्याला लटकलेली असायची, पण रोज डब्यात डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“काय गं, काल निळा दोरा, आज पिवळा! कायमचा कोण?”

“कुणीच नाही, काकू. शिवण झाली की ते त्यांच्या वाटेनं, मी माझ्या.”

“अगंबाई!” काकूनं हे कात्रीला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत बटणंसुद्धा खुसखुसू लागली.

दुसऱ्या दिवशी काकू स्थळच घेऊन आली. “हे सुतळीराव. घराणं तागाचं, अंगानं भक्कम.”

सुतळीराव लाजत लाजत सुईच्या नेढ्यात घुसू लागले. नेढं करकरलं.

“काकू, नेढं फुटलं तर माझं शिवणंच संपेल!”

“थोडं जमवून घ्यावं लागतं गं.”

सुई संतापली, पण आवाज गोड ठेवून म्हणाली, “कसं जमवायचं ते तुम्हीच दाखवा ना. तुमचा अनुभव दांडगा.”

अनुभव म्हटल्यावर काकू फुलली. सुतळीराव तिच्या नेढ्यात सुळकन शिरले आणि आनंदाच्या भरात पक्की गाठ मारून बसले. काकूनं कितीही झटकलं तरी सुटेनात.

सकाळी खिळ्याखाली सगळी बटणं जमली. “काकू, लग्न कधी झालं? पाळणा कधी हलणार?”

“तुम्हाला काय करायचंय?” काकू किंचाळली.

लाल दोरा ओवता ओवता सुई म्हणाली, “हेच तर मला तुम्हाला विचारायचं होतं, काकू.”