हैबतरावांची राखून ठेवलेली काडतुसे

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा संस्थानात हैबतराव माने नावाचे पागेचे दरोगा होते. राजाच्या साऱ्या घोड्यांची देखभाल त्यांच्याकडे असे. माणूस मायाळू. घोडा आजारी पडला की ते पागेतच मुक्काम ठोकायचे. नेमबाजीतही त्यांचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. खोड एवढीच, की लोकांनी वाहवा केली म्हणजे त्यांना पुढचे काही दिसत नसे.

त्या डोंगरवाटांवर घोड्याचा पाय मोडला तर तो पुन्हा सांधला जात नसे. अशा वेळी मुक्या जनावराने तडफडत राहू नये, म्हणून राजाने दरोग्यांना एक छोटे पिस्तूल दिले होते. त्याची काडतुसे करंगळीच्या पेराएवढी. काडतुसाच्या बुडाच्या कडेत ठिणगी देणारा मसाला भरलेला असे. चाप ओढला की त्या कडेवर टोला बसे, मसाला पेटे आणि गोळी सुटे. पण मसाला कडेत सारखा पसरला नसेल, किंवा काडतुसाला ओल लागली असेल, तर नुसता ‘टक्’ असा आवाज होई. शिवाय ते पिस्तूल मोठे चोखंदळ. एका जातीची काडतुसे ते बिनतक्रार चालवी. दुसरी घातली की मध्येच अडकून बसे. हैबतरावांना हे पक्के ठाऊक होते.

चांगल्या काडतुसांची पेटी मुंबईहून येई. दर दसऱ्याला हैबतराव त्याच पिस्तुलाने दोरीला टांगलेली लिंबे उडवत आणि सारे गाव टाळ्या पिटी. एका वर्षी पेटी आलीच नाही. चांगली काडतुसे थोडीच उरली होती. हैबतरावांनी ती डब्यात घालून घरच्या कपाटात ठेवली. कमरेच्या पिस्तुलात मात्र जुनी, पावसाळे खाल्लेली, इकडून तिकडून जमवलेली काडतुसे भरली.

त्यांच्या पत्नी सगुणाबाई ते पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, चांगली कपाटात आणि ही कमरेला? हे उलटंच झालं की!”

“घोडे काय रोज पाय मोडून घेतात? दसरा मात्र तोंडावर आलाय.”

“निदान एक-दोन उडवून तरी बघा.”

“बघू सवडीनं,” हैबतराव म्हणाले. ती सवड काही त्यांना झाली नाही.

पागेत केतकी नावाची घोडी होती. तिची आई ती लहान असतानाच मेली होती. घोड्यांची निगा राखणाऱ्या अंबाजी मोतद्दाराने तिला हाताने दूध पाजून वाढवले होते. एके दुपारी घाट उतरताना तिचा पाय दगडाच्या खोबणीत गेला आणि हाड बाहेर आले. निरोप मिळताच हैबतराव धावले. अंबाजी तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता.

“दरोगासाहेब, आता वेळ नका लावू,” तो म्हणाला. “लई हाल हुत्यात तिचं.”

हैबतरावांनी पिस्तूल तिच्या कपाळाशी धरले. ओळखीचा हात पाहून केतकी क्षणभर शांत झाली. त्यांनी चाप ओढला.

टक्.

त्यांनी ते काडतूस काढून टाकले आणि पुन्हा चाप ओढला. पुन्हा टक्. पुढचे काडतूस आत जातानाच वाकडे होऊन अडकले. ते उपसता उपसता त्यांची बोटे सोलवटली. केतकी उठायची धडपड करी आणि मोडक्या पायावर पुन्हा कोसळे. तिचे किंचाळणे दरीतून परत ऐकू येई.

“काय झालं, साहेब?” अंबाजी ओरडला.

हैबतरावांना उरलेल्या काडतुसांचाही भरवसा वाटेना. त्यांनी आपल्या घोड्यावर मांड टाकली आणि ते घराकडे सुटले. कपाट उघडून त्यांनी डबा घेतला. परत येईपर्यंत घाटावरची उन्हे उतरली होती. केतकी अजून जिवंत होती. तिला आता किंचाळायचेही त्राण नव्हते, नुसती कण्हत होती.

हैबतरावांनी डब्यातले काडतूस भरले. पहिल्याच चापाला गोळी सुटली आणि सारे शांत झाले.

अंबाजीने केतकीचे डोळे मिटले. मग तो डब्याकडे पाहत हळूच म्हणाला, “म्हणजे चांगली गोळी हुती तर.”

हैबतरावांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजापुढे सारे सांगितले. राजा ऐकून घेऊन म्हणाला, “आम्ही काय शिक्षा करणार? ती तुम्ही कालच भोगायला लागलात.” त्या दसऱ्याला हैबतराव मैदानावर गेले नाहीत, पुढेही कधी गेले नाहीत. त्यानंतर ते प्रत्येक पेटीतली थोडी काडतुसे आधी उडवून पाहत आणि खात्रीची तेवढीच पिस्तुलात भरत. अंबाजी रोज सकाळी त्यांना मुजरा करी आणि नेमून दिलेले काम चोख करी. पण पूर्वी तो केतकीच्या खोड्या सांगत त्यांच्यापाशी रेंगाळायचा, तसा पुन्हा कधी थांबला नाही.

तात्पर्य: ज्या कामात चूक सुधारायला दुसरी वेळ मिळत नाही, त्या कामासाठी आपल्याजवळचे उत्तम ते राखावे आणि ते आधी पारखून घ्यावे. वाहवा थोडी कमी झाली तर काही बिघडत नाही. भरवशाने आपल्याकडे पाहणाऱ्याचा घात झाला, तर पश्चात्तापाने तो भरून निघत नाही.