थंड शेगडीचा शनिवार

युरोपातल्या त्या नदीकाठच्या शहरात ज्यूंचं एक जुनं, बुटकं प्रार्थनागृह आहे. आत शिरताच डाव्या हाताला पुरुषभर उंचीची लोखंडी शेगडी. इतर दिवशी ती रसरसलेली असते, पण शनिवारी, बाहेर बर्फ पडत असला तरी, गार.

अलिबागचे ज्यू शिमशोन वाकृळकर पत्नी सिपोरासह तिथे पोचले तो नेमका शनिवारच होता. प्रार्थनेला अजून अवकाश होता. शिमशोन हात चोळत शेगडीकडे सरकले, तशा तिथली देखभाल करणाऱ्या, मालका नावाच्या बाई हसल्या. अलिबागच्या माणसाची ही थंडी सोसायची सवय नाही हे त्यांनी ओळखलं असावं. शेजारची खुर्ची पुढे करून त्या सांगू लागल्या.

फार पूर्वी या मोहल्ल्यात लाइब नावाचा चांभार राहत असे. दरवर्षी तुझ्या नावानं कद्दिश म्हणेन, असा शब्द त्यानं मरणाऱ्या आईला दिला होता. मृतांसाठीच्या या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. एका हिवाळ्यात तापाची साथ आली, निम्मा मोहल्ला गेला, आणि आईच्या तिथीला, शनिवारी, नऊच जण जमले. लाइबचा जीव कासावीस झाला. आईला दिलेला शब्द आज मोडणार, हे त्याला दिसत होतं.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ज्यू विस्तव पेटवत नाहीत. शेजारचा ख्रिस्ती गडी येऊन शेगडी पेटवून जाई. त्या दिवशी तोही आला नाही. इतक्यात दारात एक सावळा परका माणूस उभा राहिला, अंगावर कुठल्या देशाचे कपडे कोण जाणे. सगळ्यांना वाटलं, गड्यानं बदली माणूस धाडला. लाइबनं त्याला शेगडी दाखवली. माणसानं दोन्ही हात पाठीमागे घेतले, मान हलवली आणि म्हणाला, "शब्बाथ."

उच्चार निराळा होता, पण शब्द कळला. लाइब म्हणे तिथेच रडू लागला. दहावा माणूस मिळाला होता. त्याला ‘शमा’ या एका मूळ प्रार्थनेखेरीज दुसरी एकही येत नव्हती, तरी कुणी हरकत घेतली नाही. कुडकुडत कद्दिश झालं. नाव-गाव विचारायच्या आत पाहुणा निघून गेला.

"आपण त्याला विस्तव पेटवायला सांगितलं, याची सगळ्यांना फार लाज वाटली. तेव्हापासून शनिवारी शेगडी कुणाकडूनच पेटवून घेत नाहीत," मालकाबाई म्हणाल्या.

शिमशोननी चोळत असलेले हात मांडीवर ठेवले. मग त्यांनी सांगितलं, "आमचे वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी बैल सोडून द्यायचे. दुसरं काही फारसं आठवत नव्हतं त्यांना, ‘शमा’ आणि शनिवार तेवढा धरून होते. गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं."

मालकाबाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

"मफलर तरी गुंडाळा," सिपोरा कुजबुजली.

"राहू दे गं. बरं वाटतंय," शिमशोन म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटत होतं.

आजही तिथे शनिवारी शेगडी पेटत नाही आणि परक्याला खुर्ची आधी मिळते. यंदा शिमशोनचा पुतण्या जाऊन आला. मालकाबाई गोष्ट अगदी तशीच सांगतात म्हणाला, फक्त शेवटी एक वाक्य जास्त असतं, तो पाहुणा म्हणे तेली होता. शिमशोननी असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते खोडूनही काढलं नाही.