हाताला लागणारी ओढ

“पण आक्का, परीक्षा कधी घेता?”

हौसाआक्का विहिरीच्या पायरीवर पाय सोडून बसल्या होत्या. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं पाण्यातल्या वैजूच्या कमरेला.

“कसली परीक्षा?”

“पोहण्याची.” शर्वाणीबाईंनी पॅडवरचा तक्ता पुढे केला. गावच्या शाळेत त्या नव्यानं लागल्या होत्या. आक्का पोरींना पोहायला शिकवतात हे कळल्यापासून रोज सकाळी विहिरीवर येत होत्या. “वर्षाअखेरची एकच परीक्षा आता जुनी झाली, आक्का. आम्ही रोज नोंद ठेवतो. धीटपणा, श्वास, हात, पाय... प्रत्येकाला वेगळी श्रेणी. तालुक्याच्या प्रशिक्षणात सगळ्यांनी माझा तक्ता उतरवून घेतला!”

“रोज बघता? हे ब्येस केलंत.” आक्का मनापासून म्हणाल्या.

बाई खुलल्या. “आता ही वैजू. धीटपणा क. श्वास क. पाय ब. अजून पंधरा दिवस तरी हिची दोरी सोडता येणार नाही.”

वैजूनं ते ऐकलं. हात वेडेवाकडे पडले, नाकात पाणी गेलं. दोरी ताठ झाली. आक्कांनी तिला अलगद वर घेतलं. वैजू खोकली, लाजून हसली, पुन्हा हात मारू लागली.

आक्कांनी बाईंच्या तक्त्याकडं पाहिलं.

मग त्यांनी दोरी बाईंसमोर धरली.

“धरा.”

“मी? आणि नोंद?”

“तक्ता ठेवा की खाली. दोन हात लागत्यात.”

बाईंनी दोरी गच्च आवळली. “अहो, केवढी ओढ आहे!”

“सैल धरा, बाई. आवळली की तुमचीच ओढ कळती. पोरीची न्हाई कळत.”

बाईंनी मुठी सैल केल्या. हळूहळू हाताला कळू लागलं. वैजू घाबरली की हिसका बसायचा. पाय आखडले की दोरी जड व्हायची.

“वैजू, पाय लांब सोड!” बाई एकदम ओरडल्या.

वैजूनं सोडले. दोरी हलकी झाली. बाईंना हसूच फुटलं.

“आता श्वास... हां! अशीच!”

तिसऱ्या फेरीला दोरी पाण्यावर नुसती पसरली.

“काय लागतंय हाताला?” आक्कांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“मग?”

बाईंनी वैजूकडे पाहिलं... आणि बोटं उघडली.

टोक पायरीवरून सरकत पाण्यात गेलं. वैजू पलीकडच्या भिंतीला हात लावून परत आली, दोरी शेपटीसारखी मागं ओढत. पायरी धरून तिनं वर पाहिलं. बाईंचे दोन्ही हात रिकामे! ती अशी किंचाळली की कपारीतले पारवे फडफडत उडाले.

बाई टाळ्या वाजवत होत्या, डोळे पुसत होत्या. मग लगबगीनं त्यांनी पॅड उचललं, पेनचं टोपण काढलं.

“आक्का, आता कुठली श्रेणी लिहू?”

आक्का वैजूच्या कमरेची गाठ सोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

“कुणाच्या नावापुढं?”