फळीवरच्या बरणीचा साक्षीदार

राजवैद्य श्रीधरशास्त्र्यांच्या औषधशाळेत खोकल्याच्या चाटणाची एकही बरणी उरली नव्हती! घाटात दरड कोसळली, पलीकडून येणारा मध आणि पिंपळी तिकडेच अडकली, आणि इकडे अर्धी नगरी खोकत होती.

सगुणा ही शेतकऱ्याची पोर. बापासाठी चाटण न्यायला गावाहून चालत आलेली. रिकामी फळी पाहिली आणि ती तडक दरबारात गेली.

महाराज विक्रांतसेन महाहट्टी. म्हणाले, "घाट मोकळा झाला की मिळेल औषध. तोवर थांबायचं!"

"मी थांबते, महाराज. पण बापाचा खोकला थांबत नाही. त्यालाही एकदा आज्ञा करून बघा!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांच्या मिशा थरथरल्या. "फार जीभ चालते तुझी! मग तूच भर ती फळी, उद्या सूर्य मावळायच्या आत. पण मधाचा थेंब आणायचा नाही, रानातलं पान तोडायचं नाही, आणि शास्त्र्यांनी खलबत्त्याला हात लावायचा नाही! नाही जमलं, तर घाटातली दरड उपसायला जायचं!"

"जाईन. फक्त नगरीतलं कुठलंही दार ठोठावायची परवानगी द्या."

"हवी तितकी ठोठाव!"

बाहेर आल्यावर मात्र सगुणानं कपाळावर हात मारला. बोलून तर बसले! पण तिची आत्या एका सरदाराकडे भांडी घासायची. तिथे कुणाला साधी शिंक आली की औषधशाळेतून बरण्यांची रांग लागायची, आणि रिकामी झालेली बरणी आत्यानं कधी घासली नव्हती! मग त्या बरण्या गेल्या कुठे?

सगुणानं शास्त्रीबुवांना औषधशाळेच्या बैलगाडीत बसवलं आणि दारोदार हाक दिली, "न उघडलेली चाटणं काढा हो!"

फडताळांतून, माळ्यावरून, लोणच्याच्या मागून बरण्या निघू लागल्या. एक सरदारीणबाई म्हणाल्या, "अगं, ही थोडीशीच खाल्लीय. ने की!"

"नको, बाईसाहेब. तुमच्या बोटांची चव गावाला कशाला?"

ज्या बरणीवरची लाखेची मोहोर शाबूत, तीच गाडीत चढायची. तीही शास्त्रीबुवा निरखून घ्यायचे. जुनं झालेलं चाटण ते बाजूला काढून खड्ड्यात पुरायला लावायचे.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत फळी गच्च भरली. महाराज राणीसाहेबांसह पाहायला आले आणि भडकलेच.

"लोकांच्या घरचं उष्टं माझ्या प्रजेला?"

"उष्टं नाही, महाराज. मोहोर बघा."

"मोहोर काय, पुन्हाही लावता येते! साक्षीदार कोण? एका तरी बरणीसाठी असा माणूस उभा कर, की ज्याच्या शब्दावर मला शंका घेता येणार नाही. मग सगळ्या मान्य!"

सगुणानं फळीवरून एक बरणी उचलली. "हिचा साक्षीदार इथेच आहे. त्याच्या शब्दावर सगळं राज्य चालतं."

"कोण तो?"

"आपणच! ही आपल्या पलंगाखाली सापडली. झाडणाऱ्या दासीनं आणून दिली."

राणीसाहेब सावकाश महाराजांकडे वळल्या. "अहो, पण तुम्ही तर रोज सांगत होता, सकाळ-संध्याकाळ न चुकता चाटतो म्हणून!"

महाराज एकदम आढ्याकडे बघू लागले.

"सांगा, महाराज," सगुणा म्हणाली. "चाटलं असेल, तर हे उष्टं. मी निघाले दरड उपसायला. चाटलं नसेल, तर फळी भरली!"

महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग पुन्हा राणीसाहेबांकडे.

"नाही चाटलं! थेंबही नाही!" ते ओरडले. "जिभेला नुसती आग लागते त्यानं!"

आणि त्यांना असं हसू फुटलं, की ठसकाच लागला! राणीसाहेबांनी ताबडतोब बरणीकडे हात नेला, तशी सगुणानं ती चटकन पाठीमागे लपवली.

"ही नाही, राणीसाहेब! ही माझ्या बापाची!"

"ने, पोरी, ने!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "बैलजोडीही ने, गाडीसकट! आजपासून न उघडलेली प्रत्येक बरणी औषधशाळेत परत यायची, आणि ती गोळा करायचा मान तुझा. फक्त माझ्या महालात येशील, तेव्हा आधी मला निरोप धाड... राणीसाहेबांना नको!"