पत्राचा शेवटचा शब्द

“उपहार आणि उपाहार यांतला फरक माझ्याच मुलीला कळू नये, तात्या?”

रणदिवे मास्तर वही उघडूनच ओसरीवर चढले. वर्तमानपत्रात शुद्धलेखनाचं सदर लिहायचे. चपला काढायच्या आधी चूक काढायची खोड.

तात्यांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेली. भले भले लेखक त्यांच्यापुढे कान धरत. मी त्यांचा शिकाऊ, बाजूला शेंगा फोडत बसलो होतो.

“काय लिहिलंय पोरीने?”

“‘उपहारगृहातलं जेवण घशाखाली उतरत नाही.’ अहो, उपहार म्हणजे भेट! खायचं ते उपाहारगृहात. एका पत्रात अशा अकरा चुका! तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आणि तेच पत्र तिच्या वसतिगृहावर परत धाडलं. मिरजेला.”

“जेवण का उतरत नाही?”

“अं?... ते नाही विचारलं.”



मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. “चार महिने झाले, कुंदाची एक ओळ नाही. आमचा खेळ होता हो, लहानपणी चिठ्ठ्यांत, मग पत्रांत. एकाच्या पत्राचा जो शेवटचा शब्द, त्यावरूनच दुसऱ्याने सुरुवात करायची. एकदा कार्टीने ‘वांगी’वर संपवलं, मला वांग्यांवर दोन पानं लिहावी लागली!”

हसले. हसता हसता डोळे पुसले.

“चुका दाखवल्या म्हणून एवढा राग? पोर तुटली माझी, तात्या. काय करू?”

“त्या अकरा चुका सांगा बघू.”

मास्तरांनी वही मिटली आणि घडाघडा सांगितल्या. एक राहिली नाही. मला तर कौतुकच वाटलं.

“वा! आता तिचा शेवटचा शब्द सांगा.”

मास्तरांनी तोंड उघडलं...

वही उघडली. पानं उलटली. पुन्हा उलटली...

“तो... तो बरोबर होता,” ते हळूच म्हणाले. “म्हणून उतरवून घेतला नाही.”

“मग आता पाळी कोणाची?”

 

“माझीच,” मास्तर म्हणाले. “पण शब्दच हाती नाही तर पत्र सुरू कसं करू?”

तात्यांनी मी सोललेले सगळे दाणे फडक्यात बांधले. मास्तरांच्या हातातली वही काढून घेतली आणि तिच्या जागी ती पुरचुंडी ठेवली.

“मिरजेची एसटी अकराला सुटते.”